क्लेअरची आजी आणि सात उजवे हात

माझ्या सुनेची आजी वारली त्याला सहा वर्षं झाली होती, आणि एका शनिवारी सकाळी मी तिला त्रेपन्न लोकांच्या हातांना चोळून संपवली.

असं सांगितलं की लोक दोन पावलं मागं सरकतात. म्हणून नीट सांगतो. (नीट सांगायची मला सवय नाही. नववीला तीनदा बसलो. चौथ्यांदा मास्तरच म्हणाले, "दत्तू, आता त्या बाकाची तरी दया कर.") मी मूळचा चाळीसगावचा. बायको सुनंदा नर्स. तिला अमेरिकेनं बोलावलं, मी तिच्या बॅगांबरोबर आलो. एडिसनला ओक ट्री रोडवर एका देशी दुकानात भाजी मांडतो. सगळ्या भेंड्यांची तोंडं एका दिशेला करण्यात माझा हात धरणारा न्यू जर्सीत कुणी नाही. घरात या विद्येला कुणी विचारत नाही, ती गोष्ट वेगळी.

आमच्या निखिलनं क्लेअरला पसंत केलं. पोरगी शाळेत केमिस्ट्री शिकवते. मोबाइलवरून मराठी शिकली आणि आता माझ्यापेक्षा शुद्ध बोलते. "बाबा, 'भेटला' नाही, 'मिळाला'," असं मला सांगते! तिला नाद एकच: जुनी फ्रेंच अत्तरं आणि त्यांच्या बाटल्या. जेवताना विषय निघाला की भाकरी हातात तशीच राहायची तिची.

"बाबा, पूर्वी फ्रान्समध्ये अत्तर साध्या बाटलीत मिळायचं. औषधासारखं. बायका घरी नेऊन स्वतःच्या सुंदर बाटलीत ओतायच्या. मग एक अत्तरवाला एका काचवाल्याकडे गेला. म्हणाला, वास कुणाला दिसत नाही, बाटली दिसते. अशी बाटली कर, की बाईचा हात आपोआप तिच्याकडे जाईल."

"म्हणजे पॅकिंग," मी म्हणालो.

"हो बाबा. पॅकिंग." (पोरीचं मन मोठं.)

मग कुणी बाटली फुलपाखरासारखी केली, कुणी कमळासारखी, कुणाचं बूच बाटलीपेक्षा मोठं. ती मोबाइलवर फोटो दाखवायची आणि मी "वा वा" करायचो. आपल्याला काय, मिठाईचे रिकामे डबेसुद्धा आपण टाकत नाही.

तिची आजी ल्युसी. फ्रान्सची. तिथं पोस्टिंगला असलेल्या अमेरिकन फौजीशी लग्न करून इकडं आली. आल्यापासून एकच अत्तर लावायची. पुढं ते बनवायचंच बंद झालं. आजीनं होत्या नव्हत्या तेवढ्या बाटल्या पुरवून पुरवून वापरल्या आणि शेवटची एक सीलबंद ठेवून दिली. आजी गेली, कपडे वाटले गेले, घर विकलं गेलं. उरली ती बाटली. क्लेअर लहानपणी संध्याकाळी आजीच्या मांडीवर बसायची तेव्हा जो वास यायचा, तो आता जगात त्या बाटलीत तेवढा शिल्लक होता.

"मग उघडत का नाहीस?" मी एकदा विचारलं.

"उघडली की हवा लागते, बाबा. मग संपायला लागते."

ती बाटली उघडायचा दिवस तिनं ठरवला होता. जुन्या अत्तराच्या बाटल्या जमवणाऱ्यांचा एक क्लब आहे. आजी त्याची जुनी मेंबर. तिच्या मैत्रिणी आता ऐंशीच्या पुढं. त्या आहेत तोवर सगळ्यांनी मिळून एकदा वास घ्यायचा. "एकदा ल्युसीला भेटायचं," असं क्लेअर म्हणाली. वार शनिवार, दुपारी तीन, टाउन लायब्ररीचा हॉल.

आमच्या गुरुजींनी साखरपुड्याला मुहूर्त काढला तो नेमका त्याच शनिवारी सकाळी! क्लेअर म्हणाली, "नो प्रॉब्लेम. सकाळी अंगठी, दुपारी आजी."

साखरपुडा घरीच, बेसमेंटमध्ये. सुनंदानं कामं वाटली. निखिलला खुर्च्या, शेजाऱ्यांना पार्किंग, आणि मला एकच काम: दारात उभं राहून पाहुण्यांना अत्तर लावायचं आणि त्यासाठी ओक ट्री रोडवरून अत्तराची कुपी आणायची. मी आठवडाभर त्याच रोडवर उभा असतो. अत्तराच्या दुकानाला पाठ लावून!

विसरलो.

शनिवारी सकाळी पावणेदहाला आठवलं. पाहुण्यांच्या गाड्या लागायला लागल्या होत्या. मी किचनमध्ये घाम पुसत उभा. वाटलं, थंड पाणी तरी प्यावं. फ्रिज उघडला. लोणच्याच्या बरणीमागं एक छोटा खोका. आत काचेची नाजूक बाटली, फुलाच्या आकाराचं बूच, तपकिरी अत्तर.

माझे डोळे भरून आले. बायको असावी तर अशी! तीस वर्षांचा संसार आहे. नवरा विसरणार हे तिला माहीत, म्हणून गुपचूप स्वतःच कुपी आणून ठेवली! आता तुम्ही म्हणाल, अत्तर फ्रिजमध्ये कोण ठेवतं? आमच्या फ्रिजमध्ये काय नसतं ते विचारा. कापूर, कुंकू, नेलपॉलिश, घड्याळाचे सेल, एकदा निखिलचा पासपोर्ट. जे जपायचं ते फ्रिजमध्ये, हा सुनंदाचा नियम.

(जुनं अत्तर थंड आणि अंधारात ठेवतात, म्हणून क्लेअरनं ते शुक्रवारी संध्याकाळी तिथं ठेवलं होतं. मलाही सांगितलं होतं म्हणतात. मी क्रिकेट बघत होतो आणि "हो हो" म्हणालो म्हणतात. माझ्या "हो हो"ला काडीची किंमत नाही, हे एव्हाना त्यांना कळायला हवं होतं.)

बाटलीच्या गळ्याला सोनेरी दोरा आणि पातळ पापुद्रा. म्हटलं, सील आहे, म्हणजे भेसळ नाही! दोरा नेलकटरनं कापला. बूच हलेना. गरम पाण्याचं फडकं गुंडाळलं, मारुतीचं नाव घेतलं, फिरवलं. निघालं! वास घेतला. नेलपॉलिशसारखा आला. मनात म्हटलं, फ्रिजमधल्या शेजाऱ्याचा लागला असेल. कानात घालायची कापसाची काडी बुडवली आणि दारात जाऊन उभा राहिलो.

मान मोठ्यांचा. पहिले सात जण म्हातारे. त्यांना मी सढळ हातानं लावलं, उजव्या पंजाच्या पाठीवर, चांगलं रुपयाएवढं. सातव्या सुमनमावशी. सुनंदाची मावशी, वय चौऱ्याऐंशी, लग्नाच्या दिवसापासून माझ्यावर नजर ठेवून आहेत.

"जावईबापू, हे अत्तर आहे की रंगाचं पाणी?"

"सीलबंद आहे, मावशी!"

"तुमच्या हातात आलं की सील कशाला राहतंय!"

सात जणांत बाटली निम्मी झाली आणि माझ्यातला दुकानदार जागा झाला. अजून शेहेचाळीस माणसं! मी आत गेलो आणि बाटलीत गळ्यापर्यंत गुलाबपाणी ओतलं. अत्तर दुधासारखं पांढरं झालं. पुढच्या पाहुण्यांना लावायला लागलो तर एक काका म्हणाले, "दत्तोपंत, पीयूष लावताय की काय?" मी म्हणालो, "फॉरेनचं आहे." आम्ही सगळे फॉरेनलाच राहतो, पण शब्दाचा परिणाम अजून होतो.

क्लेअर तोवर वरच्या मजल्यावर नऊवारीत अडकली होती. खाली आली तेव्हा बेसमेंटमध्ये धूप एवढा झालेला की गुरुजी कोणत्या बाजूला बसलेत तेही आवाजावरून ओळखायचं. तिचे आईवडील ओरेगॉनहून व्हिडिओ कॉलवर. (वास पाठवायचा कॉल अजून निघालेला नाही. निघाला असता तर तिच्या आईनं मला तिथंच धरला असता.) अंगठ्या झाल्या, पेढे झाले. आणि मी, कधी नव्हे तो कामसू झालेला माणूस, किचनमध्ये जाऊन रिकामी बाटली साबणानं घासली. आतून, बाहेरून. एक जुनं चिकट लेबल होतं, ते नखानं खरवडून काढलं. अशी चकचकीत केली म्हणता! मनात होतं, सुनंदाला दाखवू. चांगली आहे, वेलची पूड ठेवता येईल.

सव्वाबाराला क्लेअर किचनमध्ये आली. फ्रिज उघडला. लोणच्याची बरणी पुढं घेतली, मागं बघितलं, दुधाचा कॅन काढला, परत बघितलं.

"बाबा, इथे मेमेची बाटली होती." फ्रान्समध्ये आजीला मेमे म्हणतात.

ओट्यावर पालथी घातलेली बाटली टप टप गळत होती. तिनं बघितलं. मी बघितलं. मग मला शुक्रवारचं "हो हो" आठवलं.

पोरगी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नऊवारीसकट फरशीवर बसली. बाटली मांडीवर घेतली, नाकाला लावली. भांड्याच्या साबणाचा लिंबू!

सुनंदा आली, निखिल आला.

"अहो," सुनंदा अगदी हळू म्हणाली. (हा आवाज ती पेशंटच्या नातेवाइकांसाठी राखून ठेवते.) "काय केलंत?"

"लावलं."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

"डॅड, सीरियसली? व्हॉट द—"

"निखिल, देवाचं कार्य आहे घरात!" सुनंदा म्हणाली. "अहो, थोडं तरी उरलंय का?"

"माझ्या हाताला होतं, पण मी बाटली घासली ना!"

आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात दिवा लागला. आयुष्यात असे दोनच लागलेत. पहिला लग्नाला हो म्हणताना. पहिले सात! पहिल्या सातांना शुद्ध माल लागलाय! अत्तर गेलं कुठं? बेसमेंटमध्येच बसलंय, सात उजव्या हातांवर! आणि खाली पानं वाढली होती. जेवायच्या आधी आपली माणसं काय करतात?

मी जिना तीन उड्यांत उतरलो. बेसिनपुढं रांग लागली होती आणि साबण पहिल्या नंबरच्या अप्पाकाकांच्या हातात!

"थांबा! कुणी हात धुवायचे नाहीत!"

सगळी पंगत माझ्याकडं बघायला लागली. मी हात जोडून सगळं सांगितलं. ज्यांना पीयूष लागलं त्यांनी खुशाल धुवा. ज्यांना तपकिरी लागलं त्यांनी आपले हात मुलीची आजी समजून जपा.

"म्हणजे आम्ही जेवायचं कसं?" अप्पाकाका.

"पंजाची पाठ कशाला लागू द्यायची नाही, एवढंच!"

सुनंदा नर्स ती नर्सच. तिनं सँडविचच्या प्लॅस्टिक पिशव्या आणल्या, सहा हातांना चढवल्या आणि मनगटाला रबर लावले. सुमनमावशी म्हणाल्या, "मेली प्लॅस्टिकची पिशवी मी घालणार नाही. मासळी आहे का मी?" त्यांचा शनिवारचा उपास होता, जेवायचं नव्हतंच. त्यांनी हात पैठणीच्या पदरात गुंडाळला आणि देवाच्या फोटोखाली जाऊन बसल्या. बाकीचे सहा जण डाव्या हातानं चमच्यानं मसालेभात खात होते. व्हिडिओ कॉल अजून चालू होता. ओरेगॉनच्या विहीणबाई हे सगळं बघत होत्या आणि टिपून घेत होत्या. त्यांना वाटलं, विधी आहे.

अडीचला आम्ही निघालो. व्हॅन निखिल ड्राइव्ह करत होता, शेजारी क्लेअर, मागं सात म्हातारे आणि डिकीत मी. (सीटच नव्हती. असती तरी मला मिळाली नसती.)

"क्लेअर, आय ॲम सो सॉरी," निखिल म्हणाला.

"इट्स ओके," ती म्हणाली. ओके नव्हतं. ती रिकामी बाटली दोन्ही हातांत धरून बसली होती.

लायब्ररीत शिरलो. हात कशाला लागू नये म्हणून सातही जणांनी तो वर धरलेला. काउंटरवरची बाई घाबरून उठली.

"सर, डू दे हॅव अ क्वेश्चन?"

"यस मॅडम," मी म्हणालो. "व्हेरी बिग क्वेश्चन."

हॉलमध्ये वीसेक पांढऱ्या केसांची माणसं. टेबलांवर मखमल, त्यावर बाटल्या, लोकांच्या हातांत पांढरे हातमोजे आणि भिंग. वास घ्यायला कागदाच्या पट्ट्यासुद्धा मांडून ठेवलेल्या. पहिल्या रांगेत डॉरथीबाई, क्लबच्या प्रेसिडेंट आणि ल्युसीची जिवाची मैत्रीण. क्लेअर नऊवारीत माइकपुढं गेली. मी दाराशी, पळायच्या अंतरावर.

"द बॉटल हॅज बीन ओपन्ड," ती म्हणाली. हॉलमध्ये श्वास अडकल्याचा आवाज. "आमच्या घरी पाहुण्यांना हातावर अत्तर लावून वेलकम करतात. माझ्या सासऱ्यांनी सगळ्यांना माझी आजी लावून वेलकम केलं. द पर्फ्यूम इज हिअर." आणि तिनं आमच्या सात जणांकडं बोट केलं.

मग डॉरथीबाई काठी टेकत उठल्या, टेबलावरच्या पट्ट्या बाजूला सारल्या आणि म्हणाल्या, "वेल, बिगिन."

पहिले अप्पाकाका. त्यांची पिशवी निखिलनं काढली. एका म्हाताऱ्यानं हुंगलं, डोळ्यांत पाणी आलं. "मेंथॉल! कॅम्फर! सो बोल्ड!" अप्पाकाकांनी सवयीनं व्हॅनमध्ये गुडघ्यांना बाम चोळला होता, आणि पिशवी काढून परत घातली होती.

दुसरा आणि तिसरा हात पिशवीत उकडून मऊ झालेले, मोदकासारखे. वासही वाफेचाच. चौथ्याची पिशवी फाटकी निघाली.

"देअर इज अ ग्रीन नोट हिअर," एक बाई म्हणाल्या. "व्हॉट इज इट?"

"मठ्ठा," मी दारातून ओरडलो. "कोथिंबीर घालून!"

पाचव्या हाताचे मालक वाटेत रेस्टरूमला गेले होते आणि सत्तर वर्षांच्या सवयीनं साबणानं स्वच्छ धुऊन आले होते. सहावा हात आमच्या आत्यांचा. पिशवी काढली तर आतून बटाटवडा पडला!

"अगं, रिकामी पिशवी कशाला न्यायची," आत्या म्हणाल्या. "म्हटलं, नंतर भूक लागेल."

क्लबवाल्यांनी वड्याचाही वास घेतला. नोंद केली.

सहा हात गेले. क्लेअरनं माझ्याकडं बघितलंच नाही. उरल्या सुमनमावशी. उपाशी, कडक, खुर्चीत ताठ. त्यांनी पदर सोडला आणि हात पुढं केला, पाया पडायला आलेल्यांपुढं करतात तसा.

डॉरथीबाई वाकल्या. हुंगलं. डोळे मिटले.

"ओह," त्या म्हणाल्या. "देअर यू आर, ल्युसी."

मग म्हाताऱ्या एकामागून एक आल्या. कुणी हसलं, कुणी नुसतीच मान हलवली. डॉरथीबाई क्लेअरला म्हणाल्या, बाटलीतून थेट वास घेतला असतास तर इतक्या वर्षांनी फक्त नेलपॉलिशचाच आला असता. जुन्या अत्तराचा वरचा वास कधीच उडून जातो. त्याला अंगाची ऊब लागते आणि चार-पाच तास लागतात. तुझी आजी सकाळी लावायची आणि तू संध्याकाळी तिच्या मांडीवर बसायचीस. तुझा वास हा आहे.

क्लेअर सगळ्यांत शेवटी आली. गुडघ्यांवर बसली आणि मावशींच्या हातावर तोंड ठेवलं. खांदे हलायला लागले. मावशींना इंग्रजीचा शब्द कळत नाही, कशासाठी आलोय तेही धड कळलं नव्हतं. त्यांनी डावा हात तिच्या केसांवरून फिरवला.

"रड बाई, रड. हा असा सासरा मिळाल्यावर कुणालाही रडू येईल."

मी दाराआड गेलो. धुपानं डोळे चुरचुरत होते. (धूप सहा मैल लांब होता.)

क्लबनं मला माफ केलं. लेबल कुठाय असं एका म्हाताऱ्यानं विचारलं आणि मी नख दाखवलं, तेव्हा त्याला खुर्ची द्यावी लागली. पण त्यालाही पाणी पाजल्यावर बरं वाटलं. मावशींनी घरी आल्यावर पैठणी उतरवली आणि क्लेअरच्या हातात दिली. "तुझ्या आजीचा वास पदराला लागलाय. धुवायला टाकू नकोस." निखिलच्या लग्नात नेसायला आणलेली पैठणी! मला आजवर त्यांनी रुमाल दिलेला नाही.

ती पैठणी आता वरच्या कपाटात एका डब्यात आहे. आजीच्या वाढदिवसाला क्लेअर तो डबा उघडते. वर्षातून एकदाच. डॉरथीबाई येतात, सुनंदा असते, निखिल असतो, सगळे पदराभोवती गोळा होऊन बसतात. त्या दिवशी मला सकाळीच सामानाला पाठवतात. यादी मुद्दाम लांबलचक असते, हे न कळण्याइतका मी काही खुळा नाही. या वर्षी तर यादीत पाच पाउंड मीठ होतं आणि घरात दोन पिशव्या पडलेल्या! आपली चूक, आपण भोगावी. निमूटपणे गाडी काढली, दुकानात गेलो, दोन तास मुद्दाम फिरलो आणि साखर घेऊन आलो.